टायरची कूस

बैलगाडीच्या चाकाला धांव चढवितांना ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना तें दृश्य सहसा विसरतां येत नाहीं. गोवऱ्यांच्या आगींत लाल झालेलें लोखंडी कडें तीन-चार जण चिमट्यांनीं उचलतात, लांकडी चाकावर बसवितात आणि लगेच त्यावर पाणी ओततात. वाफेचा लोट उठतो, लोखंड आकसतें आणि चाकाचे सर्व सांधे करकचून आवळले जातात. हें कडें कांट्यानें फुटत नाहीं, दगडानें फाटत नाहीं आणि वर्षानुवर्षें चालतें. परंतु वाटेवरचा प्रत्येक खडा तें गाडींत बसलेल्याच्या हाडांपर्यंत इमानानें पोंचवितें. चाकाचें बळ आणि बसणाराचें सुख यांचा हा फार जुना तंटा आहे. हवा भरलेल्या रबरी टायरनें तो कायमचा मिटविला असें वरवर पाहणाऱ्यास वाटतें. वस्तुतः तो मिटलेला नाहीं. तो टायरच्या एका विवक्षित जागीं जाऊन बसला आहे. ती जागा म्हणजे टायरची कूस. जमिनीला टेकणारा नक्षीदार माथा आणि रिममध्यें अडकलेला कांठ या दोहोंमधील जी पातळ भिंत, तिला येथें कूस म्हटलें आहे. शहरांतील गुळगुळीत रस्त्यावर तिची कोणाला आठवणहि होत नाहीं. खडकाळ डोंगरवाटेवर मात्र स्वाराचें सारें भवितव्य तिच्या हातीं असतें.

हवेच्या चाकाची कल्पना डनलॉपच्या नांवानें ओळखली जाते; परंतु तिचा पहिला धनी दुसराच होता. रॉबर्ट विल्यम थॉमसन या तरुण स्कॉटिश अभियंत्यानें १८४५ सालीं तिचें पेटंट घेतलें. रबर चढविलेल्या कापडाची नळी, तिच्यावर कातड्याचें वेष्टण, आणि आंत हवा, अशी त्याची रचना होती. ती त्यानें घोड्यांच्या गाड्यांना लावून दाखविली. त्या काळीं तिचें चीज झालें नाहीं. पुढें चाळीसएक वर्षांनीं बेलफास्ट येथील जॉन बॉयड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरानें, आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला बसणारे हिसके कमी व्हावेत म्हणून, तीच युक्ति स्वतंत्रपणें पुन्हा शोधून काढली आणि १८८८ सालीं तिचें पेटंट मिळविलें. थॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यावर डनलॉपचा हक्क टिकला नाहीं. टायर मात्र टिकला. १८८९ च्या मे महिन्यांत विली ह्यूम या सायकलपटूनें बेलफास्टच्या शर्यतींत हे टायर लावून भरीव रबराच्या चाकांवाल्यांना मागें टाकलें. बापाला मुलाचें सुख हवें होतें. त्याबरोबर वेगहि न मागतां हातीं आला. याचें कारण सोपें आहे. खड्यावरून जातांना भरीव चाक स्वारासकट वर उचललें जातें आणि त्यांत स्वाराचेंच बळ खर्च होतें. हवेचें चाक खड्याला आपल्या पोटांत घेतें आणि तसेंच पुढें जातें. परंतु खडा पोटांत घ्यावयाचा तर टायरच्या भिंतीला वांकावें लागतें. वांकण्याचें हें काम प्रामुख्यानें कूस करते. आणि जें वांकावयाचें तें फार जाड असून भागत नाहीं. सुखाचें उगमस्थान आणि दुबळेपणाचें ठिकाण अशा रीतीनें एकच झालें.

टायरचें बळ रबरांत असतें अशी सर्वसाधारण समजूत आहे. तें खरोखर धाग्यांत असतें. टायर झिजत आला म्हणजे “दोरे दिसूं लागले” असें दुकानदार म्हणतो. ते दोरे हाच टायरचा सांगाडा होय. रबर हें त्यावरील कातडें. आरंभींच्या टायरांत साधें उभ्याआडव्या विणीचें कापड घालीत. टायर वजनाखालीं दबला कीं या विणींतील धागे एकमेकांवर घासत, आणि फिरत्या चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक धागा दुसऱ्यास करवतीसारखा कापीत असे. १८९० नंतरच्या दशकांत जॉन फुलर्टन पामर या अमेरिकन गृहस्थानें धागे विणण्याऐवजीं शेजारीं शेजारीं समांतर मांडून रबरांत बसविण्याची रीत काढली. सायकलचा टायर आजहि बहुधा त्याच तत्त्वावर बनतो. नायलॉनचे समांतर धागे चाकाच्या दिशेशीं सुमारें ४५ अंशांचा कोन करून तिरपे मांडतात. एका पदरांत ते उजवीकडे कललेले असतात, तर दुसऱ्यांत डावीकडे. ही पट्टी दोन्ही कांठांतील तारेभोंवतीं दुमडून परत माथ्याकडे आणतात. त्यामुळें कुशींत दोन पदर होतात, आणि माथ्याखालीं मूळ पट्टी व तिच्यावर येणारीं दोन्ही टोंकें मिळून तीन. माथ्यावर याशिवाय कित्येक मिलिमीटर उंचीच्या रबरी गाठी असतात. कुशीवर रबराचा नुसता लेप असतो. शर्यतीच्या हलक्या टायरांत कुशीची सगळी जाडी एका मिलिमीटरच्या आसपास भरते. एवढ्याशा पडद्याच्या भरंवशावर माणूस डोंगर उतरूं पाहतो.

डोंगरवाटेच्या टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवतात. पक्क्या रस्त्यावरील अरुंद शर्यती टायरांत ती दर चौरस इंचास ८० ते १०० पौंड दाबानें भरीत आले आहेत. डोंगरी टायरांत २० ते २५ पौंड पुष्कळ होते. मागच्या चाकावर १०० पौंडांचा भार पडतो असें धरलें, तर १०० पौंड दाबाचा टायर जमिनीवर साधारण एक चौरस इंच टेकतो. २५ पौंड दाबाचा टायर चार चौरस इंच टेकतो. सुट्या खडींत आणि ओल्या मुळांवर चाक धरून ठेवावयाचें असेल तर हे चार इंच लाखमोलाचे असतात. मात्र हवा कमी म्हणजे धागे निवांत, असा तर्क कोणी केल्यास तो फसवा ठरेल. नळीच्या भिंतीवरील ताण हा दाब आणि नळीची त्रिज्या यांच्या गुणाकाराएवढा असतो. एक इंच रुंदीच्या रस्त्याच्या टायरांत १०० पौंडांना अर्ध्या इंचानें गुणिलें असतां दर इंचास ५० पौंड ताण येतो. अडीच इंचांच्या जवळपास रुंद असणाऱ्या डोंगरी टायरांत २५ पौंडांना सव्वा इंचानें गुणिलें तरी उत्तर ३० च्या वर जातें. म्हणजे हाताला मऊ लागणाऱ्या त्या कुशीचे धागे सतारीच्या तारांसारखे ताणलेलेच असतात. ताणलेल्या तारेला सुरीचें नुसतें टोंक लागलें तरी काय होतें, हें सांगावयास नको.

सायकल डोंगरावर नेण्याची हौस जुनीच आहे. पण तिचा खेळ व धंदा बनला तो अमेरिकेंत, कॅलिफोर्नियाच्या मॅरिन परगण्यांत. टॅमलपाइस पर्वताच्या परिसरांत कांहीं तरुण मंडळी १९३० ते १९४० च्या सुमाराच्या जुन्या, जाडजूड सायकली भंगारांतून उचलून आणीत आणि त्या घेऊन डोंगरावरून खालीं सुटत. त्या सायकलींचे टायर दोन इंचांहून जरा अधिक रुंद असत. असे फुगीर टायर श्विन या शिकागोच्या कारखान्यानें १९३३ सालीं अमेरिकन बाजारांत रूढ केले होते. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं तेथें ‘रिपॅक’ नांवाची पहिली शर्यत झाली. उतार इतका तीव्र होता कीं मागच्या चाकाच्या ब्रेकमधील वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर तें नव्यानें भरावें लागे. त्यावरूनच हें नांव पडलें. पुढें वीस वर्षांनीं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्यें, माउंटन बाइकची शर्यत अधिकृतपणें दाखल झाली. या वीस वर्षांत सायकली हलक्या झाल्या, टायरहि हलके झाले. खडक मात्र होते तसेच राहिले.

सर्वच खडक टायरचे सारखे वैरी नसतात, आणि या भेदाचें ज्ञान फार उपयोगाचें आहे. अमेरिकेच्या युटा संस्थानांतील मोआब गांवाजवळ वालुकाश्माचे अफाट उघडे कातळ आहेत. त्यांना ‘निसरडा खडक’ असें नांव पडलें, कारण लोखंडी नाल ठोकलेले घोडे त्यांवर घसरत. रबरी टायर मात्र त्याच कातळाला पालीसारखा चिकटतो. तेथील कातळ कानसेसारखा आहे. तो माथ्यावरील गाठी झिजवितो, परंतु कूस सहसा कापीत नाहीं. ॲरिझोनांतील फिनिक्स शहरालगतच्या साउथ माउंटनवर ठिसूळ झालेल्या खडकांचे कोनाकोनांचे तुकडे वाटेच्या दोहों बाजूंस उभे असतात; तेथें टायर माथ्यावर झिजण्यापूर्वींच कुशींत मरतो. इटलीच्या किनाऱ्यावरील फिनाले लिगुरे येथील चुनखडीला पावसानें धारदार कंगोरे पडलेले असतात. इंग्लंडच्या दक्षिणेकडील खडूच्या टेंकड्यांत तर गारगोटी सांपडते. अश्मयुगांतील माणसानें जिच्या सुऱ्या व कुऱ्हाडी केल्या, तीच ती. ती फुटते तेव्हां शिंपल्यासारखा पापुद्रा सुटून कांचेसारखी धार येते. पावसांत तेथें पंक्चरें अधिक होतात, त्याचें कारण केवळ चिखल नव्हे. पाण्यानें ओलें झालेलें रबर कोरड्या रबरापेक्षां पुष्कळ सहज कापलें जातें, आणि ओल्या रबरावर लहान चिपा चिकटूनहि राहतात. सह्याद्रीच्या वाटांवर सायकल नेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नदीच्या पात्रांतला काळा दगड वाटोळा व निरुपद्रवी असतो. परंतु कड्यावरून ताजा सुटलेला किंवा सुरुंगानें फोडलेला तोच दगड धारदार असतो, आणि पावसाळ्यांत त्याच्यावर पाण्याचा हात फिरतो.

टायरला होणाऱ्या जखमा तीन प्रकारच्या असतात. पहिली कांट्याची. बाभळीचा कांटा किंवा खिळा माथ्यांतून सरळ आंत शिरतो, हवा हळूहळू जाते, आणि एका ठिगळानें काम भागतें. दुसरी जखम चिमट्याची. हवा कमी असतांना चाक वेगानें दगडाच्या कंगोऱ्यावर आदळलें कीं टायर पूर्ण चेपला जातो आणि आंतली ट्यूब दगड व रिम यांच्या कैचींत सांपडते. तिला शेजारीं शेजारीं दोन भोंकें पडतात. सापाच्या दोन दांतांच्या खुणांसारखीं तीं दिसतात, आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांतून त्यांना सर्पदंश असेंच नांव आहे. तिसरी जखम कुशीची, आणि तीच सर्वांत वाईट. चाक दोन दगडांच्या फटींतून जातें, किंवा वळणावर कललेल्या टायरची कूस उघडी पडते, आणि एखादा उभा कंगोरा तिला आडवा फाडून टाकतो. येथें नुसती हवा जात नाहीं, धागे तुटतात. तुटलेल्या धाग्यांचा ताण शेजारच्या धाग्यांवर पडतो, मग ते तुटतात, आणि नखाएवढा छेद बघतां बघतां बोटाएवढा होतो. नवी ट्यूब घातली तर ती त्या भोंकांतून फुग्यासारखी बाहेर डोकावते आणि पुढच्याच दगडावर फुटते. कांट्यानें ट्यूब मरते. कुशीच्या जखमेनें टायर मरतो.

मग कूस जाड कां करूं नये, असा प्रश्न कोणासहि सुचेल. कारखानदारांना तो सुचला आहे, आणि त्याचीं उत्तरें बाजारांत मांडलेलींहि आहेत. क्रॉस-कंट्री शर्यतीचा टायर ६५० ते ७५० ग्रामांचा असतो. सर्वसाधारण डोंगरवाटेचा टायर एक किलोच्या आगेंमागें भरतो. त्याच्या कुशीवर बहुधा कापला न जाणाऱ्या दाट विणीच्या कापडाची पट्टी चढविलेली असते. मॅक्सिस या तैवानी कारखान्याच्या टायरांवर ‘एक्सो’ अशी अक्षरें दिसतात, तीं या पट्टीचीं. त्याच कारखान्याच्या ‘डबलडाउन’ जातींत सांगाड्याचीं कापडें दोन असतात, आणि केवळ उतारासाठीं बनविलेल्या ‘डीएच’ जातींत तीं अधिक जाड धाग्यांचीं असतात. हे टायर १,२०० ते १,४०० ग्रामांपर्यंत जातात. येथें धाग्यांच्या संख्येविषयीं एक गैरसमज दूर करावयास हवा. टायरवर दर इंचास ६० किंवा १२० धागे असा आंकडा छापलेला असतो, आणि लुगड्याच्या पोतावरून ज्यांनीं कापड पारखलें ते साहजिकच १२० ला श्रेष्ठ मानतात. १२० धाग्यांचें कापड तलम व लवचिक असतें हें खरें; पण त्यांतला प्रत्येक धागा बारीक असतो. ६० धाग्यांचें कापड जाडेंभरडें असतें, आणि दगडाच्या धारेपुढें एकपदरी टायरांत बहुधा तेंच अधिक टिकतें.

जाड कुशीची किंमत स्वाराला दोन प्रकारांनीं मोजावी लागते. पहिला कर वजनाचा. दोन्ही चाकांना मिळून ६०० ग्राम वाढले, तर सायकल व स्वार यांच्या ८५ किलोंच्या मानानें ती वाढ शेंकडा एकापेक्षांहि कमी आहे. परंतु हें वजन चाकाच्या परिघावर असतें. वेग घेतांना त्याला पुढें न्यावें लागतें आणि गरगर फिरवावेंहि लागतें, म्हणून त्या वेळीं तें दुप्पट भासतें. दुसरा कर अधिक छुपा व अधिक जाचक. चाक फिरतांना कुशीचा प्रत्येक भाग जमिनीजवळ येतांच वांकतो आणि पुढें गेला कीं सरळ होतो. वांकविण्यास जितकी शक्ति लागते तितकी सगळी रबर परत देत नाहीं; कांहीं भाग उष्णतेच्या रूपानें स्वतःकडे ठेवतें. कूस जितकी जाड, तितका हा कर मोठा. चढावर घामाघूम झालेला स्वार तो प्रत्येक पावलाला भरतो. आणि ज्या एका दगडासाठीं तो भरावयाचा, तो दगड कदाचित् त्या दिवशीं भेटतहि नाहीं. विम्याच्या हप्त्यासारखीच ही गोष्ट आहे. हप्ता दररोजचा, संकट एखादे दिवशींचें. आणि हप्ता चुकविण्याचा मोह नेमका संकटाच्या आदल्या दिवशीं होतो.

या पेंचावर गेल्या पाव शतकांत जो उपाय रूढ झाला, तो रबराच्या झाडाकडूनच घेतलेला आहे. माविक या फ्रेंच कारखान्यानें हचिन्सन व मिशेलिन यांच्या सहकार्यानें १९९९ सालीं डोंगरी सायकलीसाठीं ट्यूबविरहित टायरची पद्धत बाजारांत आणली. ट्यूबच नाहीं म्हटल्यावर तिला चिमटा बसण्याचा प्रश्नच उरला नाहीं. त्यापाठोपाठ टायरांत पातळ चीक ओतण्याची चाल पडली. दोडामार्गकडे किंवा गोव्यांत ज्यांनीं रबराची बाग पाहिली असेल, त्यांना ठाऊक आहे कीं सालीला चीर पाडतांच पांढरा चीक वाहूं लागतो आणि कांहीं वेळानें थिजून ती चीर बंद करतो. झाडाचें हें स्वतःच्या जखमेवरील औषध आहे. तोच चीक, थिजूं नये म्हणून थोडा अमोनिया व इतर द्रव्यें घालून, टायरांत खेळता ठेवतात. कांटा लागला कीं हवेबरोबर तो भोंकाकडे धांवतो, तेथें थिजतो, आणि स्वाराला पत्ताहि लागत नाहीं. माथ्यावरील पांच-सहा मिलिमीटरपर्यंतचें भोंक तो बुजवूं शकतो. कुशीपुढें मात्र हें औषधहि दुबळें ठरतें. माथ्यांत भोंकाला जाडी असते, म्हणून बूच बसतें. कुशींत जाडीच नाहीं. शिवाय कूस प्रत्येक फेऱ्यास वांकते, त्यामुळें थिजलेला चीक पुन्हा पुन्हा उकलतो. हें औषध नाशवंतहि आहे. कांहीं महिन्यांत तें सुकतें, आणि उष्ण हवेंत त्याहूनहि लवकर. त्यानंतर उरते ती रबराची कोरडी साय आणि सुरक्षिततेचा खोटा समज.

एवढ्याशा पडद्यावर किती कांहीं अवलंबून असतें, हें ऑलिंपिकच्या मैदानांत जगानें पाहिलें आहे. २०१६ सालीं रिओ येथें रस्त्यावरील शर्यतींचा जगज्जेता पीटर सागान माउंटन बाइकच्या शर्यतींत उतरला. जवळजवळ शेंवटच्या रांगेंतून निघून पहिल्याच फेरींत तो आघाडीच्या मंडळींत जाऊन पोंचला. तितक्यांत टायरनें दगा दिला. पुढें पुन्हा एकदा दिला. आणि तो ३५ वा आला. २०२४ सालीं पॅरिसची शर्यत एलांकूरच्या टेंकडीवर झाली. २३१ मीटर उंचीची ही टेंकडी पूर्वींची दगडाची खाण बुजवून उभी राहिलेली, आणि तिच्यावर शर्यतीसाठीं मुद्दाम दगड आणून रचलेले. २९ जुलै रोजीं तेथें इंग्लंडच्या टॉम पिडकॉकच्या पुढच्या चाकाची हवा गेली. चाक बदलून तो पुन्हा निघाला तेव्हां आघाडी सुमारें ४० सेकंद पुढें गेली होती. त्यानें ती भरून काढली आणि फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेट्झकीला ९ सेकंदांनीं मागें टाकून दुसऱ्यांदा सुवर्णपदक मिळविलें. या दोन कथांवरून पराक्रमाचा धडा घेतां येईल. परंतु अधिक उपयोगाचा धडा दुसरा आहे. अशा शर्यतींत चाक बदलून मिळण्याच्या जागा ठरलेल्या असतात. हवा कोठें जाते आणि तेथून मदत किती लांब आहे, यावर सारें अवलंबून राहतें. पिडकॉकच्या मागें चाक हातांत घेतलेलीं माणसें उभीं होतीं. सुट्टीच्या दिवशीं डोंगरावर गेलेल्या विद्यार्थ्याच्या मागें कोणीहि नसतें.

अशा विद्यार्थ्यानें जवळ काय बाळगावें हें म्हणूनच महत्त्वाचें ठरतें. सायकलदुकानांत फाटलेल्या टायरच्या आंतून जुन्या टायरचा तुकडा लावतात. त्याला गेटर म्हणतात. कुशीच्या जखमेवर वाटेंत करतां येण्याजोगा खरा उपाय तोच. धागे तुटलेल्या जागीं दुसरें कांहींतरी न ताणलें जाणारें आंतून लावावयाचें, म्हणजे ट्यूबला पाठिंबा मिळतो. जुन्या टायरचा तुकडा नसेल तर दांतांच्या मलमाची रिकामी नळी कापून तिचा पत्रा लावावा. तेंहि नसेल तर चलनाची नोट चौघडी करून लावली तरी घर गांठतां येतें. जाड सुई आणि मेणाचा मजबूत दोरा जवळ असेल तर आधीं छेद शिवून घ्यावा व मग आंतून गेटर लावावें. ट्यूबविरहित टायर वापरणाऱ्यानेंहि एक ट्यूब, पंप आणि चिकट वातीचे दोन-तीन तुकडे बरोबर ठेवावे; लहान भोंकांत वात कोंबली असतां तीं बंद होतात. मात्र शिवलेला टायर हा घरीं पोंचण्यापुरता असतो. तोच पुढील रविवारीं पुन्हा डोंगरावर नेणें म्हणजे आपल्या हातानें संकटास आमंत्रण देणें होय. मागच्या टायरची हवा अकस्मात् गेली तर चाक लटपटतें आणि बहुधा सांवरतां येतें. उतारावर पुढच्या टायरची गेली तर हँडल हातांतून सुटतें, आणि मग प्रश्न टायरचा राहत नाहीं.

उपायापेक्षां सावधगिरी स्वस्त, आणि तिला फारसा खर्च येत नाहीं. हवेचा दाब अंगठ्यानें दाबून ठरवूं नये. जाड कुशीचा टायर हवा नसतांनाहि अंगठ्याला कठीण लागतो. साधें दाबमापक यंत्र वापरावें. खडकाळ वाटेवर मागच्या चाकांत पुढच्यापेक्षां दोन-तीन पौंड हवा अधिक ठेवावी, कारण भार तेथें अधिक असतो. पैसे बेताचे असतील तर दोन्ही टायर सारखे घेण्याऐवजीं मागचा अधिक जाड कुशीचा घ्यावा; दगडाचे तडाखे तोच अधिक खातो. अति रुंद रिमवर अरुंद टायर चढवूं नये, त्यानें कूस माथ्याच्या आडोशांतून बाहेर येते. चाक कोठून न्यावयाचें हें डोळ्यांनीं आधीं ठरवावें. दगडाच्या माथ्यावरून गेलेलें चाक बहुधा वांचतें. त्याच्या बाजूला घासून गेलेलें चाक कापलें जातें. आणि सायकल वापरांत नसतांनाहि टायर म्हातारा होत असतो, हें विसरूं नये. जिन्याखालीं हवेविना महिनेन् महिने उभ्या राहिलेल्या सायकलीची कूस स्वतःच्याच वजनाखालीं दुमडून राहते, आणि वातावरणांतील ओझोन त्या दुमडीवरच बारीक चिरा पाडतो. माथ्यावरची नक्षी नवी दिसते, म्हणून पालक निर्धास्त असतात. परीक्षा व्हावयाची असते ती मात्र कुशीची.

लोखंडी धांव कधींच फसवीत नसे, कारण तिनें सुखाचें वचनच दिलें नव्हतें. हवेच्या चाकानें तें वचन दिलें. त्याबरोबर एक नाजुक जागाहि दिली, आणि ती जपण्याचें काम स्वारावर सोंपविलें. गेल्या शंभर-सवाशें वर्षांत धागे बदलले, रबर सुधारलें, ट्यूब गेली, चीक आला; कुशीला वांकलें पाहिजे ही अट कोणालाहि बदलतां आली नाहीं. म्हणून जाणता स्वार डोंगरावर निघण्यापूर्वीं सकाळच्या उजेडांत सायकल उलटी उभी करतो, चाक सावकाश फिरवितो, आणि माथ्याकडे एक नजर टाकून दोन्ही कुशींवरून बोट फिरवितो. एखादी चीर, एखादा फुगवटा, एखादा बाहेर आलेला दोरा लागला, तर तो त्या दिवशीं डोंगरावर जात नाहीं. सायकलदुकान उघडण्याची वाट पाहतो.